कापूस कापला की उरतं 'काप'

बाजार समितीतल्या आवकेची यादी टर्मिनलवर (नुसती अक्षरं दाखवणाऱ्या पडद्यावर) दाखवायची, तर हिशेब पाच मिनिटांत जमतो आणि नावं रकान्यात बसवण्यात दिवस जातो. पडदा ८० रकान्यांचा, म्हणजे एका ओळीत ८० अक्षरांच्या जागा. ही चौकट आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रांच्या कार्डावरून आली आणि १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलनंतर पक्की झाली. त्या कार्डावर 'अंजनगाव सुर्जी' छापायचं कोणाच्या मनातही नसणार.

जागा कमी म्हणून मालाच्या नावाची पहिली तीन चिन्हं (काना, मात्रा हीही वेगळी चिन्हं) घ्यायची ठरवली, तर प्रोग्राम निमूटपणे घेतो. कापसाचं होतं 'काप'. सोयाबीनची 'सोय', संत्रीचे 'संत', उडदाची 'उडी'. तूर आणि मूग तेवढे शाबूत राहतात. गावाच्या रकान्यात यवतमाळचं 'यवत' होतं, आणि यवत आहे पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात. विदर्भाचं सगळं पश्चिमेकडे पळवतात ही तक्रार जुनीच, पण त्यात सबस्ट्रिंगचाही (शब्दाचा तुकडा काढणाऱ्या फंक्शनचाही) हात असतो हे मला फार उशिरा पटलं.

म्हणून पहिला नियम: कापलं तर कापल्याची खूण ठेवावी. तीन टिंबं टाइप केली तर तीन रकाने जातात, युनिकोडचं (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं) '…' हे एकच चिन्ह वापरलं तर एक. 'यवत…' दिसलं की माणूस निदान दौंडला जात नाही.

पण कापायचं कुठे, हे ठरवायला आधी मोजावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. 'विदर्भ' या शब्दाची लांबी किती? बाइट मोजणारा सांगतो १८, कारण यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. कोडपॉइंट (युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेलं चिन्ह) मोजणारा सांगतो ६: व, वेलांटी, द, र, हलन्त, भ. रकाने मोजणारं जुनं फंक्शन डब्ल्यूसीविड्थ सांगतं ५, कारण हलन्ताला ते जागा देत नाही. आणि शाळेतलं पोर सांगतं ३: वि, द, र्भ. एकाच वावराची चौघांनी मोजणी केली, चार धुरे (बांध) निघाले, आणि बाप्पा, चौघंही आपापल्या जागी बरोबर! पोराचं म्हणणं युनिकोडला २०२३ च्या १५.१ आवृत्तीत पटलं. त्याआधीच्या नियमाने र् वेगळा आणि भ वेगळा, म्हणजे चार तुकडे. जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) आजही तसंच तोडते.

बाइटवर कापणं सगळ्यात वाईट. दहा बाइटची मर्यादा घातली की तीन चिन्हं पूर्ण येतात आणि चौथ्याचा एक तृतीयांश लोंबकळत राहतो. पडद्यावर तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. ग्नूच्या 'कट' या मजकूर कापणाऱ्या आज्ञेतला उणे-सी हा पर्याय नावाला अक्षरांचा, पण वर्षानुवर्षं तो बाइटच मोजत आलाय. 'ऑक' या मजकूर हाताळणाऱ्या भाषेचं आणखी निराळं: तिच्या गॉक या अवतारात सबस्ट्रिंगला तीन सांगितले तर 'काप' मिळतं, आणि उबुंटू लिनक्सवर मुळात असणाऱ्या मॉक या अवतारात नुसता 'क'. स्क्रिप्ट तीच, मशीन बदलली. त्यात गॉकसुद्धा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) रात्री चालवला तर लोकेल, म्हणजे भाषा-लिपीची मांडणी, 'सी' होऊ शकतं आणि मग तोही बाइटवर घसरतो. संध्याकाळी हाताने चालवून पाहिलेली यादी सकाळी कुरतडलेली दिसते ती यामुळे. उंदीर नसतात. स्क्रिप्टच्या डोक्यावर यूटीएफ-८ चं लोकेल लिहून टाकावं, औषध एवढंच.

रकान्यांची रुंदी हे मात्र खरं धुऱ्याचं भांडण. उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना शून्य रुंदी, यावर बहुतेकांचं एकमत आहे. काना आणि वेलांटीवर नाही. जुनं डब्ल्यूसीविड्थ त्यांना एक रकाना देतं, काही नव्या लायब्रऱ्या शून्य देतात, आणि टर्मिनल आपल्या मनाने काढतं. एक्सटर्म हे जुनं टर्मिनल तर जोडाक्षर जोडायच्या भानगडीतच पडत नाही. तुमचा हिशेब आणि टर्मिनलचा हिशेब जुळला नाही की उभी रेघ ओळीगणिक इकडेतिकडे होते, बैलाने धुरा तुडवावा तशी. यावर प्रामाणिक उपाय एकच: टर्मिनललाच विचारणं. शब्द छापायचा आणि एस्केप, चौकोनी कंस, ६, एन हा संकेत पाठवायचा. कर्सर कितव्या ओळीत, कितव्या रकान्यात आहे ते टर्मिनल उलट कळवतं. त्याआधी इको (आलेली अक्षरं पडद्यावर परत छापणं) बंद करावा, नाहीतर उत्तर यादीतच छापलं जातं. हे काम संथ आहे आणि आउटपुट फाइलमध्ये वळवलं असेल तर उत्तर द्यायला कोणी नसतं.

कापण्याची रीत अशी. आधी पूर्ण मोजा. बसत असेल तर हात लावू नका. (हे सांगावं लागतं, कारण 'कापूस' चार रकान्यांत बसत असताना कोडपॉइंट पाच म्हणून कापणारे प्रोग्राम आहेत.) बसत नसेल तर रुंदीतून टिंबाचा एक रकाना वजा करा, पूर्ण अक्षरसमूह ('र्भ'सारखं अख्खं अक्षर) एकेक उचलून बेरीज करा, मर्यादा ओलांडणारा पहिला समूह आला की थांबा. शेवटी लटकलेला हलन्त किंवा मोकळी जागा काढा, टिंब लावा, उरलेले रकाने स्पेसने भरा. भरायचं काम प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनवर सोपवू नका. सी मधलं प्रिंटएफ बाइट मोजून भरतं. रंग बदलणारे एस्केप कोड शून्य रुंदीचे धरा, आणि मधेच कापलं तर टिंबानंतर रंग बंद करणारा कोड द्या. नाहीतर एका थकबाकीदाराचा लाल रंग खालच्या सगळ्या गावाला लागतो.

एवढं करूनही चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार दोघंही 'चांदूर…' होतात, त्याचं काय? बुद्रुक आणि खुर्द शेवटी येतात म्हणून आधी तेच कापले जातात. शेतकऱ्यांच्या यादीत आडनाव आधी, त्यामुळे एका भावकीचं पूर्ण गाव एकसारखं दिसतं, आणि 'हे पैसे कोनाचे हायेत भाऊ?' असा प्रश्न खिडकीवर येतो. म्हणून अशा रकान्यात मधून कापावं: सुरुवात थोडी, शेवट थोडा, मध्ये टिंब. सात-बारावर 'बु.' आणि 'खु.' लिहिणाऱ्यांना हे शहाणपण युनिकोडच्या आधीपासून होतं.

कापायचंच नसेल तर यादी 'लेस' या फाइल वाचायच्या प्रोग्राममध्ये उणे मोठ्या एसने उघडावी. ओळी मोडत नाहीत, उजवा बाण दाबला की पुढचं दिसतं. एका दाबात अर्धा पडदा सरकतो, नाव डावीकडे जातं, आणि समोर भाव तेवढा उरतो. कापसाचा की सोयाबीनचा, ते बघायला पुन्हा डावा बाण.