"मी सोडली तर मागचा धरंल"

परवा टेंभुर्णीजवळ रस्त्याकडेला खेकडे घ्यायला थांबलो. पाटीत काळे खेकडे, नांग्या सुतळीनं बांधलेल्या. एक उलटा करून बघितला तर मादी. पोटाखालची रुंद झडप जरा उचलली आणि आत मुगाएवढी पिल्लं, गच्च चिकटलेली, पाय हलवत होती. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं समुद्रातल्यासारखी पाण्यावर वाहत जात नाहीत. अंड्यातून खेकडा होऊनच निघतात आणि काही दिवस आईला धरून राहतात. अशी मादी कालवणात गेली की तिचं सगळं बिऱ्हाडच गेलं.

मी म्हटलं, "मामा, ही तरी सोडायची होती."

ते म्हणाले, "सोडली आसती की. पण मी सोडली तर मागचा धरंल."

मामांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. उजनी धरण सगळ्यांचं, म्हणजे राखायचं कुणाचंच नाही. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचं उरलं, की चिखलातली बिळंसुद्धा उकरून काढतात. तिथं एकट्यानं नियम पाळला तर त्याचीच पाटी रिकामी राहते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: विक्रीसाठी खेकडा धरायचे परवाने मोजकेच असावेत. आज सोडलेली मादी पुढच्या साली आपल्याच जाळ्यात पिल्लावळीसकट परत येणार, एवढी खात्री असेल तर मामा ती सोडतील.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डंजनेस खेकड्याचं असंच आहे. विक्रीसाठी मादी धरायची नाही, सव्वासहा इंचांपेक्षा लहान नर परत पाण्यात. १९९५ च्या सुमारास नवे परवानेही थांबवले. पण आहेत त्या बोटींनी पिंजरे वाढवत नेले. शेवटी पिंजऱ्यांवरही मर्यादा घालावी लागली; वॉशिंग्टननं २००० मध्ये घातली, ऑरेगननं २००६ मध्ये आणि कॅलिफोर्नियानं थेट २०१३ मध्ये. तेव्हा आपल्याकडे परवान्याबरोबर जाळीही पहिल्या दिवसापासून मोजा.

"गरिबाच्या पोटावर पाय देताय" असं कुणी म्हणेल. ही भीती खरी आहे, मी ती झटकून टाकणार नाही. अलास्कात २००५ साली किंग खेकडा कुणी किती धरायचा याचे हिस्से ठरवून दिले, ते विकता आणि भाड्यानं देता येत होते. तिथल्या ब्रिस्टल उपसागरात आदल्या वर्षी २५१ बोटी होत्या, त्या वर्षी ८९ उरल्या. बोटीवर राबणाऱ्या शेकडो माणसांचं काम गेलं. आपल्याकडे तसं झालं तर परवाना बड्या व्यापाऱ्याच्या नावावर आणि मामा त्याच्याकडे रोजानं. म्हणून परवाना विकता येऊ नये, भाड्यानं देता येऊ नये, आणि जो स्वतः पाण्यात उतरतो त्याच्याच नावावर असावा. आधी भोई आणि कोळी समाजातली, या पाण्यावरच जगणारी कुटुंबं, मग ज्यांची शेतं या पाण्याखाली गेली ते धरणग्रस्त.

निघताना मामांना हे सगळं सांगितलं. ते पाटीवर ओलं पोतं टाकत म्हणाले, "यादी कोण करनार, ते सांगा आधी."

ती ग्रामसभेत, सगळ्यांसमोर नावं वाचून व्हावी असं मला वाटतं. करमाळा, माढा, इंदापूरकडच्या काठावरच्या मंडळींनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय काढाच.