नाल पाह्यजे होती

शनिवारी सकाळी कुणी कुणाच्या दारात जाऊ नये, असा ठराव ग्रामसभेने एकदाचा करून टाकावा. सूचक मी होतो, अनुमोदन आमचा घोडा देईल.

घोड्याचं नाव गोऱ्या. आहे डांबरासारखा काळा, पण नाव मुलीने ठेवलंय आणि त्यावर अपील चालत नाही. सारंगखेड्याच्या बाजारातून आणला तेव्हापासून त्याला नाल नाही. मीच ठोकू दिली नाही. त्यामुळे चार-सहा आठवड्यांनी त्याचे खूर नीट करणं माझ्याकडे आलं. नालबंद लग्नसराईत वरातीच्या घोड्यांमागे असतो, आणि दवाखान्यात विचारलं तर म्हणतात, गाय असेल तर आणा, म्हैस असेल तर आणा. घोडा म्हटलं की खिडकीतला माणूस आधी हसून घेतो.

खूर कापायचे म्हणजे घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून वाकायचं, पुढचा पाय आपल्या मांड्यांत धरायचा आणि कानस मारत राहायची. तेवढ्यात गोऱ्या आपलं वजन हळूच माझ्यावर सोडतो. या अवस्थेत दारात आलेल्या माणसाचे फक्त पाय दिसतात. त्या दिवशी पांढरे, कोरे बूट दिसले.

“भाऊ, एक नाल पाह्यजे होती. काया घोड्याची.”

“याला नाल नाही.”

“पडली काय?”

“कधी ठोकलीच नाही.”

बूट जरा पुढे सरकले. आवाज खाली आला. “काऊन? पैशाची अडचण हाये काय?”

मी पाय खाली सोडला. पन्नाशीचा गृहस्थ, कपाळाला टिळा. रास मेष. 2025च्या मार्चमध्ये शनी मीन राशीत गेला आणि यांना साडेसाती लागली. आता एकेका राशीत अडीच वर्षं या हिशोबाने साडेसात वर्षं भरायची होती. बुवांनी सांगितलेलं, काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी करून मधल्या बोटात घाल. पंचक्रोशीत काळा घोडा एकच. तोही अनवाणी.

मी समजावलं. खूर नखासारखाच वाढतो, महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर. वरून खालपर्यंत अख्खा नवा यायला वर्षभर लागतं. आपली जमीन मऊ आणि घोडं काही डांबरी रस्त्यावर टांगा ओढत नाही, मग लोखंड कशाला? माणसाने मन लावून ऐकलं. मग म्हणाला,

“मंग असं करा. एकाच पायाले ठोका. महिनाभर राहू द्या. मंग काढून मले द्या. खिये मी आनून देतो.”

म्हणजे याच्या बोटातल्या अंगठीसाठी माझ्या घोड्याच्या खुराला भोकं पाडायची, ती खाली वाढून कापली जाईपर्यंत मी महिनोन्‌महिने पाहत बसायचं, आणि वर उपकार असे की खिळे हा आणणार! मी म्हटलं, “जमणार नाही. पण आलाच आहात तर जरा दोर धरा. मागचा पाय राहिलाय.”

“नाही बाप्पा. मले घोड्याचं भेव लागते.”

तो चार पावलं मागे सरला, पण गेला नाही. आमचं कुत्रं खुराची कापलेली चकती चघळत बसलं होतं. कुत्र्यांना त्यात काय चव लागते देव जाणे, पण कानस हातात घेतली की गल्लीतली सगळी हजर. गृहस्थाने ती चकती न्याहाळली. “हे चालन काय? घोड्याचीच वस्तू हाये.” आणि बुवांना फोन लावला, स्पीकरवर.

बुवांनी निकाल दिला, “लोखंडच लागते. झिजलेलं पाह्यजे. आन घोड्याच्या पायातून आपसूक निसटलेली नाल असन तं उत्तमच.” गृहस्थाने गोऱ्याच्या पायांकडे अशा आशेने पाहिलं, जणू आता निसटेल.

हे लोक पायाखालच्या लोखंडाची चौकशी करतात, पायाची कुणी करत नाही. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचे गोळे खुरात बसतात, तळाचा मऊ त्रिकोण सडून काळा पडतो, त्याचा वास हाताला दिवसभर येतो. तेव्हा खूर साफ करायला कुठले बुवा येत नाहीत. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने लिहून ठेवलंय, तबेल्याबाहेर गोटे पसरा, म्हणजे घोड्याचे खूर टणक होतील. त्याचं ऐकून मी अंगणात मुरूम आणि गिट्टी टाकली, तर अख्खं गाव विचारतंय, घरकुल मंजूर झालं काय? एकाने तर कुणाला किती दिले, तेही विचारलं. सरपंचाचा माणूस येऊन फोटो काढून गेला. झेनोफनला हा त्रास झाला नसावा.

पुढच्या शनिवारी पांढरे बूट पुन्हा दारात. हातात चकचकीत नवी नाल, प्लास्टिकच्या पिशवीसकट. ऑनलाइन मागवलेली, वर सोनेरी रंग.

“गोऱ्याले याच्यावर घटकाभर उभं करा ना भाऊ. वापरलेली होऊन जाईन.”

“तो कुठल्या पायावर उभा राहील, हे मी ठरवत नाही.”

“मंग तुमच्या कानशीनं घासून द्या थोडी. झिजल्यावानी दिसली म्हणजे झालं. शनीले काय समजते!”

खुराची कानस लोखंडावर मारली की दात गेले, ती फेकायची. मी ती पाठीमागे लपवली आणि तोंडाने काहीतरी बोलणार, तेवढ्यात बायको चहाचे कप घेऊन बाहेर आली. नाल हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“भाऊजी, कितीला पडली ही? यायचीही मेषच हाये.”