सिलिंडर दारात, नंबर शेतात

धुळ्याच्या डिसेंबरात आंघोळीला कढत पाणी नसेल तर माणूस देवाचे नाव जरा मोठ्याने घेतो. पूर्वी आमच्याकडे तांब्याचा बंब होता आणि त्याला कपाशीच्या पऱ्हाट्या लागत. पऱ्हाट्यांची नोंदणी करावी लागत नसे. परसातल्या ढिगातून विंचू पाहून उचलल्या की झाले. आता गीझर गॅसवर चालतो आणि सिलिंडर मोबाइलवर मागवले जाते.

मागवण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पैसेसुद्धा बोटाच्या टोकाने जातात. अडते ते पुढे. सिलिंडर दारात आल्यावर जो नंबर सांगावा लागतो, तो ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या मोबाइलवर येतो, आणि आमची जोडणी आबांच्या नावावर आहे. त्या आठवड्यात शेतीपंपांना दिवसाची लाइट असल्याने आबा गव्हाला पाणी भरत होते आणि त्यांचा मोबाइल, सदऱ्याच्या खिशात, बांधावरच्या निंबाला टांगलेला होता.

घरगुती वापराचे 14.2 किलोचे सिलिंडर परस्पर एखाद्या हॉटेलच्या भट्टीखाली जाऊ नये म्हणून हा नंबर आहे, हे मला पटते. आजीला पटत नाही.

"काय व्हयनं?" तिने ओट्यावरून विचारले.

"नंबर पाहिजे, आजी."

"त्याले आधी चहा द्या."

"चहा घेतो, पण नंबराशिवाय मोबाइल पुढे सरकत नाही," गॅसवाला भाऊ नम्रपणे म्हणाला.

चहा होईपर्यंत आजीने वजनाचा विषय काढला. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते, त्यात 14.2 मिळवून ताडून पाहण्याचा ग्राहकाला हक्क आहे, असे मी तिला एकदा सांगितले होते. काटा मात्र गाडीत होता आणि गाडी पुढच्या गल्लीत.

अखेर शेजारच्या शेतकऱ्याने निंबाखाली वाजणारा फोन उचलला आणि मोठ्या आपुलकीने आबांना आलेले सगळे संदेश वाचून दाखवले: केळीचा भाव, वीजबिलाची मुदत, कोणीतरी न मागता मंजूर केलेले कर्ज, आणि सर्वांत शेवटी आमचा नंबर.

सिलिंडर आत आले. पैसे आधीच भरलेले असूनही भाऊ उंबऱ्यातच उभा राहिला आणि जिन्याकडे पाहू लागला. घरपोच देण्याचा खर्च बिलातच धरलेला असतो, हे मी त्याला समजावणार, तोच आजीने कनवटीची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली.