तंबाखू विचारता ना, मग नाईट ड्युटी पण विचारा

कॅन्सरच्या ओपीडीत गेलं की तंबाखू खाता का, दारू घेता का, घरात आधी कोणाला होता का, हे सगळं विचारतात. विचारायलाच पाहिजे. पण "नाईट किती वर्षं केली" हे विचारताना मी अजून कोणाला ऐकलं नाही, आणि आमच्या भुसावळात तर घरटी कोणी ना कोणी पाळीत असतो, रेल्वेचा रनिंग स्टाफ, दीपनगरच्या वीजकेंद्रातले शिफ्टवाले, दवाखान्यातल्या सिस्टर, जळगाव एमआयडीसीत चटई कंपनीत जाणारी पोरं.

डब्ल्यूएचओची कॅन्सरवाली संस्था आयएआरसी, तिने २००७ लाच शरीराचं घड्याळ बिघडवणारी शिफ्ट ड्युटी 'बहुधा कॅन्सरकारक' म्हणजे २ए गटात टाकली, २०१९ ला सगळं परत तपासलं तरी नाईट शिफ्ट त्याच गटात ठेवली. मेंदूतलं घड्याळ उजेडावर आपली वेळ लावतं, अंधार पडला की मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, सुटतं, रात्रभर ट्यूबखाली बसलं की ते दबतं. आणि घड्याळ काय एकट्या मेंदूतच नाही, पेशीपेशीत आहे (ते कसं चालतं याच्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं), पेशी कधी वाढायची, बिघडलेला डीएनए कधी दुरुस्त करायचा यात त्याचा हात असतो.

आता घाबरवायचं म्हणून नाही लिहीत. अमेरिकेत नर्सेसच्या अभ्यासात ३० वर्षं किंवा जास्त फिरती नाईट केलेल्यांत ब्रेस्ट कॅन्सर ३६ टक्के जास्त दिसला, पण ब्रिटनच्या २०१६ च्या मोठ्या अभ्यासात काहीच संबंध निघाला नाही. म्हणजे वाद चालू आहे. पण म्हणूनच तर आपल्या माणसांची माहिती पाहिजे ना! तिकडची नर्स आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत पत्र्याखाली, कूलर लावून, पोरांना गप्प करत दुपारी झोपायला बघणारा इथला माणूस, दोघांची झोप सारखी कशी असेल?

आणि रावेर-यावलचा केळीवाला? पंपाची थ्रीफेज लाईट रात्रीची आली की बॅटरी घेऊन मळ्यात, पुढच्या आठवड्यात दिवसाची. ही फिरती पाळीच झाली, फक्त मस्टर नाही.

केसपेपरवर एक ओळ वाढवा, रात्रपाळी किती वर्षं, कायम की फिरती. रेल्वेवाल्याची ड्युटी कागदावर तरी असते, नंतर काढता येईल. चटई कंपनीतल्या पोराचा ठेकेदार बदलला की सगळंच गेलं, त्याला आत्ताच विचारावं लागेल.