रावणाच्या दहा तोंडांपासून गनमास्टर जी-नाईनपर्यंत

सत्तरच्या दशकातल्या कमी खर्चाच्या हिंदी हेरपटांबद्दल हल्ली जे काही बोलले जाते, ते बहुधा हसण्याच्या सुरात बोलले जाते. खेळण्याएवढ्या हेलिकॉप्टरचा स्फोट, लुकलुकणाऱ्या रंगीत दिव्यांचा खलनायकी अड्डा, भिंतीतून सरकणारे दरवाजे यांचे लहान लहान तुकडे मोबाईलवर फिरतात आणि त्यांखाली हसरे चेहरे जमा होतात. मला हे चित्रपट मनापासून आवडतात, आणि ‘इतके वाईट की मजा येते’ या कारणासाठी अजिबात आवडत नाहीत. बाँडपटांची फसलेली नक्कल म्हणून त्यांच्याकडे पाहिले की ते फसलेलेच दिसणार. त्यांचा पोशाख बाँडकडून आला असला, तरी त्यांची नाळ आपल्या पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारदृश्यांशी जुळलेली आहे, आणि हे नाते ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचे आकर्षण कशात आहे हे कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या मतामागे एक माणूस आहे, रविकांत नगाइच. 1967 चा ‘फर्ज’, 1973 चा ‘कीमत’, 1979 चा ‘सुरक्षा’ आणि 1981 चा ‘वारदात’ हे चारही हेरपट त्यांनीच दिग्दर्शित केले. पहिल्यात जितेंद्र आणि दुसऱ्यात धर्मेंद्र हे एजंट 116 होते, तर शेवटच्या दोन चित्रपटांत मिथुन चक्रवर्ती गनमास्टर जी-नाईन झाला. परंतु दिग्दर्शक होण्यापूर्वी नगाइच छायालेखक होते आणि ट्रिक फोटोग्राफीत त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. एन. टी. रामाराव यांनी 1961 मध्ये ‘सीताराम कल्याणम्’ हा तेलुगू चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात स्वतः रावणाची भूमिका केली, तेव्हा त्या रावणाला पडद्यावर दहा तोंडे दिली ती नगाइच यांच्या कॅमेऱ्याने. त्या काळी संगणक नव्हता. फिल्मचा एक भाग झाकायचा, उरलेल्यावर चित्रण करायचे, फिल्म मागे न्यायची, आता आधीचा भाग झाकून दुसरा उघडायचा, आणि एवढा वेळ नटाने व कॅमेऱ्याने तसूभरही हलायचे नाही, अशी ती विद्या होती. शेवटच्या खेपेला चूक झाली तर आधीची सगळी मेहनत वाया जात असे.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये आणि 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तिचाच आधार घेतला होता, आणि चित्रपट काढण्यापूर्वी ते जादूचे प्रयोग करत असत, ही गोष्ट मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. पुढे बाबूभाई मिस्त्री यांनी 1937 च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याने वस्तू अशा हलवल्या की लोक त्यांना ‘काला धागा’ याच नावाने ओळखू लागले. धागा, आरसा, लहान प्रतिकृती आणि दुहेरी चित्रण एवढ्या भांडवलावर देव आकाशात उडत होते आणि बाण हवेत एकमेकांना भिडत होते. सत्तरच्या दशकात नगाइच यांच्यासारख्या तंत्रज्ञाने हेच सामान उचलून हेरपटात आणले. अग्न्यस्त्राच्या जागी किरण सोडणारे यंत्र आले, पाताळाच्या जागी जमिनीखालचा अड्डा आला आणि मायावी राक्षसाच्या जागी दुसऱ्याचा चेहरा लावून फिरणारा हस्तक आला. प्रेक्षकाला हे सगळे ओळखीचे होते. त्याने ते बाँडपटात पाहिलेले असो वा नसो, तंबूत आणि मॅटिनीला हनुमानाचे उड्डाण नक्की पाहिलेले होते.

म्हणून यंत्र खरे वाटते की नाही, हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे असे मी मानतो. पौराणिक चित्रपटात रावणाच्या तोंडांचे सांधे दिसतात का, हे पाहायला कोणी जात नसे. ते दृश्य रचण्याचे धाडस आणि कसब हाच तिथला आनंद होता, आणि ‘सुरक्षा’ पाहताना मला नेमका तोच आनंद मिळतो. या दृश्यांत माणसाचा हात दिसतो. कोणीतरी बसून ती प्रतिकृती कापली, रंगवली, तिच्यात दारू भरली आणि एकाच झटक्यात चित्रण उरकले, कारण दुसरी प्रतिकृती करायला पैसे नव्हते.

अमेरिकेतही पैशाच्या तंगीने असेच मार्ग काढले. टेड मिकेल्स यांच्या 1973 च्या ‘द डॉल स्क्वॉड’ या महिला हेरपथकाच्या चित्रपटात खरे स्फोट घडवणे परवडत नसल्यामुळे स्फोटाची चित्रफीत मूळ दृश्यावर नुसती चढवलेली आहे. ते सरळ कळते, आणि तरीही त्या चित्रपटाची धमक कमी होत नाही.

‘वारदात’ सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यापलीकडचा असला तरी त्याच कुळातला आहे, आणि त्याच्या कथेचा विषय मला सर्वांत बोलका वाटतो. त्यातल्या कटाच्या मुळाशी टोळधाड आहे. बाँडचा शत्रू ‘गोल्डफिंगर’मध्ये अमेरिकेच्या सोन्याच्या साठ्यावर डोळा ठेवतो, इथला शत्रू शेतातल्या उभ्या पिकावर घाला घालतो. 1972 चा दुष्काळ ज्या महाराष्ट्राने पाहिला, रोजगार हमीची खडी फोडली आणि रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, तिथल्या प्रेक्षकाला या धोक्याचे गांभीर्य समजावून सांगण्याची गरज नव्हती. खर्च थोडा असला तरी भीती आपल्या घरातली होती, आणि म्हणून या कथा कितीही अचाट असल्या तरी पोकळ वाटत नाहीत. 1974 मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली होती. देशाच्या शास्त्रज्ञाला परकी शक्ती पळवून नेईल, ही कल्पना त्या काळात निव्वळ बाष्कळ नव्हती, आणि 1977 चा ‘एजंट विनोद’ तीच कल्पना घेऊन उभा राहतो.

‘एजंट विनोद’ हा राजश्री प्रॉडक्शन्सचा चित्रपट आहे, हे सांगितल्यावर आजही अनेकांना खरे वाटत नाही. ‘गीत गाता चल’ आणि ‘चितचोर’ यांसारखे सोज्वळ, घरगुती चित्रपट काढणाऱ्या संस्थेने दीपक बहरी यांना दिग्दर्शनासाठी आणि महेंद्र संधूला नायक म्हणून घेऊन हा हेरपट काढला, आणि त्याला संगीत दिले ते आपल्या रामलक्ष्मण यांनी. नागपूरचे विजय पाटील आणि त्यांचे सहकारी सुरेंद्र यांच्या जोडीला हे नाव दादा कोंडके यांनी दिले होते. ‘पांडू हवालदार’च्या गाण्यांनंतर त्यांचा हिंदीतला पहिला चित्रपट हाच. सुरेंद्र यांचे त्याच सुमारास निधन झाले आणि विजय पाटील यांनी पुढे आयुष्यभर दोघांचे नाव एकट्याने चालवले. मराठी विनोदपटातून थेट हेरपटात आलेला हा संगीतकार ऐकताना मला त्या काळातल्या व्यवसायाचा मोकळेपणा जाणवतो. कोणते काम आपल्या प्रतिष्ठेला शोभते याची चिंता करत बसण्याची चैन तिथे कोणालाच परवडत नव्हती. 2012 मध्ये श्रीराम राघवन यांनी हेच नाव घेऊन मोठ्या खर्चाचा, देशोदेशी चित्रित झालेला चित्रपट काढला. राघवन यांच्या बुद्धीविषयी मला आदर आहे, तरी पुन्हा पाहावासा वाटतो तो जुना ‘विनोद’च.

नायकांविषयीही एक गोष्ट बोलली पाहिजे. बाँड हा उंची मद्याची पारख असलेला साहेब होता. आपला पहिला एजंट 116 गिरगावच्या चाळीत वाढलेला आणि व्ही. शांताराम यांनी पडद्यावर आणलेला जितेंद्र होता. मिथुन चक्रवर्ती पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेला. मृणाल सेन यांच्या ‘मृगया’तल्या आदिवासी शिकाऱ्याच्या भूमिकेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, आणि तरीही त्याला लोकांपर्यंत नेले ते ‘सुरक्षा’ने. सावळ्या, काटक आणि रस्त्यावरच्या मुलासारख्या दिसणाऱ्या त्या तरुणाच्या हाती देशाची सुरक्षा सोपवली गेली, ही गोष्ट पिटात बसलेल्यांसाठी लहान नव्हती. गुरुनाथ नाईक यांच्या कॅप्टन दीपच्या रहस्यकथा वाचनालयातून नंबर लावून आणणाऱ्या मराठी वाचकाला त्यामागची ओढ चटकन समजेल.

या चित्रपटांतले सगळेच मला मान्य आहे असे मात्र नाही. स्त्रीचे शरीर तिकीटविक्रीचे साधन म्हणून वापरण्यात ते मागे नव्हते, आणि कॅबरेच्या गाण्यांत कॅमेरा ज्या रीतीने फिरतो ते आज पाहवत नाही. याच धंदेवाईक गरजेतून अमेरिकेत 1973 मध्ये ‘क्लिओपात्रा जोन्स’ निघाला आणि टमारा डॉब्सन ही उंचपुरी कृष्णवर्णीय अभिनेत्री सरकारी एजंट म्हणून सर्वांवर हुकूम चालवताना दिसली. आपल्या हेरपटांना ती झेप घेता आली नाही, आणि ही उणीव पैशाची नव्हती.

अशा हेरपटांवरच्या प्रेमाबाबतीत आपले शेजारी कन्नड प्रेक्षक आपल्याहून अधिक निष्ठावान आहेत. डॉ. राजकुमार यांनी 1968 मध्ये ‘गोवादल्ली सीआयडी 999’ केला, तेव्हा गोवा मुक्त होऊन सातच वर्षे झाली होती. दोरै-भगवान या दिग्दर्शक जोडीने काढलेली या हेराची मालिका 1978 च्या ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’पर्यंत चालली. त्यातले ‘इफ यू कम टुडे’ हे इंग्रजी गाणे आज देशभर विनोद म्हणून फिरते, पण राजकुमार ते किती सुरेल आणि किती गंभीरपणे गातात, हे एकदा डोळे मिटून ऐकावे.

ज्यांना माझे म्हणणे पटत नसेल त्यांना एकच विनंती आहे. तुकडे पाहू नका, अख्खे चित्रपट पाहा, आणि क्रम असा ठेवा: आधी ‘सीताराम कल्याणम्’, मग ‘फर्ज’, आणि त्यानंतर ‘सुरक्षा’. एखाद्या फिल्म सोसायटीने हे तीन चित्रपट चांगल्या प्रती मिळवून सलग दाखवले, तर मी पहिल्या रांगेत बसायला तयार आहे.