कपालभातीने गोळी सुटत नाही

जून उजाडला, योगदिनाची तयारी सुरू झाली की आमच्या सकाळच्या बॅचच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. रोज अर्धा तास कपालभाती केली की तीन महिन्यांत मधुमेह आणि बीपी मुळासकट जातात, गोळ्या बंद करा. दीर्घ श्वासाने रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होतो. पिळाच्या आसनांनी शरीरातलं विष बाहेर पडतं. मनाचे आजार प्राणायामापुढे टिकत नाहीत. योगाला दुष्परिणाम नाही, कोणीही कितीही करावा. आणि शेवटी, हे सगळं ऋषीमुनींनी सांगून ठेवलंय, दहा जणांना पाठवा.

मी सतरा वर्षं योग शिकवते. गेल्या वर्षी हाच मजकूर वाचून वर्गातल्या एका काकांनी बीपीची गोळी परस्पर बंद केली. दहाव्या दिवशी वृक्षासनातून पाय खाली टेकवत म्हणाले, "ताई, डोकं फार जड झालंय." खुर्चीत बसवलं, थोडं थांबून मशीन लावलं. वरचं १८६, खालचं १०८. रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. वेळेत पोचलो म्हणून निभावलं. तेव्हापासून हा मजकूर दिसला की मी गप्प बसत नाही.

आधी गोळ्यांचंच घेऊ. टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. कुठलंही आसन त्या परत आणत नाही. अशा माणसाने, अनेकदा ते लहान मूलही असतं, इन्सुलिन थांबवलं तर थोड्याच दिवसांत रक्तात आम्ल साठून जिवावर बेततं. टाइप २ मध्ये चित्र वेगळं आहे. औषधांच्या जोडीला नियमित योग केला तर तीन महिन्यांची सरासरी शुगर थोडी उतरते, असं बऱ्याच चाचण्यांमध्ये दिसलंय. बीपीही काही अंकांनी खाली येतं. कुणाकुणाचा डोस कमी होतो, पण तो डॉक्टरांनी रीडिंग बघून कमी करायचा.

हार्ट ॲटॅकनंतरच्या रुग्णांवर आपल्याच देशात मोठी चाचणी झाली. २४ रुग्णालयं, ३,९५९ रुग्ण, निष्कर्ष २०२० साली छापून आले. दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालूच होते, एका गटाला वर योगाचा कार्यक्रम दिला. मृत्यू, पुन्हा झटका येणं अशा गोष्टींत ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही. पण योग करणाऱ्यांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटत होती आणि ॲटॅकच्या आधी जी कामं करत होते त्यांच्याकडे ते अधिक चांगले परतले. ॲटॅक येऊन गेलेला माणूस जिना चढायलाही घाबरतो. त्याची ती भीती कमी होणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आता ऑक्सिजन. निरोगी माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की ९५ ते १०० च्या मधला आकडा दिसतो. कोविडमध्ये हे घराघरात बघून झालंय. जे आधीच जवळपास भरलेलं आहे ते दुप्पट कसं होणार? लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये संस्था उभी केली ती योग प्रयोगशाळेत तपासण्यासाठीच. प्राणायामाची किंमत जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये नाही, हे त्यांनी श्वासातले वायू मोजून मांडलं. जवळपास शंभर वर्षांपूर्वी इथल्याच एका योग्याने खोडून काढलेली गोष्ट आपण आजही दहा जणांना पाठवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वर्गात एक काकू कपालभाती फार जोरात आणि फार वेळ करायच्या. एकदा ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या तर खुश होऊन म्हणाल्या, "ताई, ऊर्जा फिरतेय ना?" तसं नसतं, काकू. भराभर श्वास फेकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, त्यानेच मुंग्या येतात, आणि मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं. ती थांबायची खूण आहे. याउलट मिनिटाला सहाच्या आसपास, संथ श्वास घेतला तर नाडी शांत होते, बीपी थोडं उतरतं. प्राणायामाचा खरा गुण या संथपणात आहे.

विषाचं काय, तर ते काम यकृत आणि मूत्रपिंडं चोवीस तास करतात. अर्धमत्स्येंद्रासनासारख्या पिळाच्या आसनाने पाठीचा कणा मोकळा होतो, तेवढ्यासाठी ते जरूर करावं.

मनाच्या आजारांबद्दल मात्र सांभाळून बोलायला हवं, कारण इथे अर्धं खरं आहे. ताण, उडालेली झोप, सतत लागून राहिलेली काळजी यांत योगाने आराम पडतो. नैराश्यातही उपचारांच्या जोडीला उपयोग होतो. पण तीव्र नैराश्यातल्या माणसाला अंथरुणातून उठणंच होत नाही. त्याला 'प्राणायाम कर, गोळ्या कशाला' म्हणणं म्हणजे बरं न होण्याचा दोषही त्याच्याच माथी मारणं. सायकियाट्रिस्टची गोळी चालू असलेली माणसं माझ्या वर्गात आहेत. त्यांना मी एकच सांगते, गोळी घ्या आणि वर्गाला या.

आणि 'दुष्परिणाम नाही' हे तर जुन्या ग्रंथांनाच मान्य नाही. हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय: योग्य रीतीने केलेल्या प्राणायामाने सर्व रोगांचा क्षय होतो, 'अयुक्ताभ्यासयोगेन सर्वरोगसमुद्भवः', म्हणजे चुकीच्या अभ्यासाने सगळे रोग उद्भवतात. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसा वायू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो, हेही तिथेच आहे. कपालभाती तर त्या ग्रंथात प्राणायामात नाहीच, ती षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत येते, आणि षट्कर्मं कोणी करावीत? ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त आहे त्याने. इतरांनी करू नयेत, असं श्लोकातच आहे. ज्या ऋषीमुनींच्या नावावर मजकूर खपतो, त्यांनी ते सरसकट सगळ्यांना सांगितलेलं नाही.

म्हणून नवीन माणूस आला की मी आधी विचारते. काचबिंदू आहे का? शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. हर्निया? गरोदर आहात? बीपी आटोक्यात नाही? मग कपालभाती नको, संथ अनुलोम-विलोम करू. जुनी कंबरदुखी असेल तर योग जरूर, अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात औषधांच्या आधी करून बघायच्या उपायांत तो घातलाय, पण खाली वाकायची घाई नको.

काका दोन महिन्यांनी परत आले. आता खिशात छोटी वही असते, तारखेपुढे वरचं-खालचं लिहिलेलं. या मार्चमध्ये त्यांच्या डॉक्टरांनी ती वही बघून एक गोळी अर्धी केली. परवा तोच मजकूर पुन्हा ग्रुपवर आला. मी उत्तर टाइप करत होते, त्याआधीच काकांनी खाली लिहिलं होतं: १८६/१०८.