‘खडबडीत धारेनं रक्त जास्त वाहतं’ म्हणे!

कप्प्या नसलेलं साधं धनुष्य, म्हणजे रिकर्व्ह नाहीतर लाँगबो घेऊन शिकार करणाऱ्यांमध्ये सध्या एक निरोप हातोहात फिरतोय. ‘पारंपरिक धनुष्यासाठी ब्रॉडहेड : जुन्याजाणत्यांचे सहा नियम’ असं भारदस्त शीर्षक (ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाचं धारदार पात्यांचं टोक), खाली सहा मुद्दे आणि शेवटी ‘पुढे पाठवा’. लोकांनी तो इमानेइतबारे पुढे पाठवलाय. फिरत फिरत अमेरिकेत कोलोरॅडोत राहणाऱ्या माझ्या भाच्यापर्यंत पोचला, आणि तिथे माझं डोकं फिरलं. पोरानं सप्टेंबरच्या हंगामासाठी एल्कच्या, म्हणजे तिथल्या थोराड हरणाच्या, शिकारीचा परवाना काढलाय, हातात ५० पाउंडांचा (ओढायला तेवढा जोर लागणारा) रिकर्व्ह आहे, आणि मला फोनवर विचारतो, “मामा, मग धारेचा दगड घ्यायचा की नाही? यात तर कानस पुरे असं लिहिलंय.”

(भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे इथलं सगळं परदेशात रीतसर परवाना घेऊन शिकार करणाऱ्यांपुरतं. बाकीच्यांनी धारेविषयीचं कुतूहल म्हणून वाचायला हरकत नाही.)

पहिला नियम जसाच्या तसा देतो : ‘धार गुळगुळीत करू नका. कानशीनं खडबडीत, दातेरी ठेवा. करवतीसारखी धार शिरा फाडते. फाडलेली जखम लवकर मिटत नाही, म्हणून रक्त जास्त जातं आणि माग काढणं सोपं होतं.’

वाचताना पटतं, हीच तर पंचाईत आहे. फाडलेलं भयंकर दिसतं, म्हणून ते जास्त जीवघेणं असणार असा आपला समज होतो. पण मुळात बाण मारतो कसा ते बघा. .३०-०६ रायफलच्या गोळीत नळीच्या तोंडाशी साधारण २,८०० फूट-पाउंड ऊर्जा असते. साध्या धनुष्यातून सेकंदाला १७० फुटांनी सुटलेल्या ५०० ग्रेन वजनाच्या बाणात असते ३२ फूट-पाउंडांच्या आसपास. जेमतेम शंभरावा हिस्सा. एवढ्याशा धक्क्यानं एल्कसारखं जनावर पडत नाही. बाण मारतो तो कापून. फुप्फुसांतल्या आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या की रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त मिळेनासं होतं आणि जनावर काही सेकंदांत आडवं होतं. या साखळीत रक्त गोठणं हा तुमचा शत्रू, आणि फाटलेली जखम नेमकी त्याच शत्रूला मदत करते.

रक्त गोठायला सुरुवात कुठून होते? दुखावलेल्या ऊतींपासून. रक्तवाहिनीच्या भोवतालच्या पेशी चिरडल्या, फाटल्या की त्यांच्यातले घटक रक्ताला भेटतात आणि गोठण्याची प्रक्रिया सुरू होते. जितकी जास्त चिरफाड, तितकी ती सुरुवात जोरदार. त्यात ताणून तुटलेली धमनी आकसते, तिचं आतलं अस्तर आत वळतं, तोंड अरुंद होतं. यंत्रात सापडून हात तुटलेल्या माणसाला वाटतं त्यापेक्षा कमी रक्तस्राव होऊ शकतो, हे अपघात विभागातल्या डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. उलट नव्या पात्यानं दाढी करताना हनुवटीला झालेली नखाएवढी चीर आठवा. कापूस लावा, तुरटी लावा, ती आपली वाहतेच. खरचटलेला गुडघा मात्र थोड्याच वेळात खपली धरतो. आता सांगा, जास्त वेळ कोण वाहतं?

दुसरी गोष्ट त्या निरोपवाल्याच्या ध्यानातच आलेली नाही. करवत चालते ती मागेपुढे केल्यानं. दोर किंवा पाव कापताना दात उपयोगी पडतात, कारण आपण सुरी पुन्हापुन्हा ओढतो. बाणाच्या पात्याला ती संधीच नाही. ते एकदाच पुढे जातं, तिरकं सरकत. वाहिन्या असतात लवचीक आणि ओल्या. धार मंद असेल तर त्या पात्याच्या कडेनं नुसत्या बाजूला सरकतात. ती एकमेव फेरी वाया गेली की बाण आरपार जाऊनही आतलं बरंच काही शाबूत राहतं. मग ते जनावर झाडीत शिरतं, दिवस दिवस कुढत मरतं, आणि शिकारी घरी येऊन ‘निशाणा थोडा चुकला बहुतेक’ असं सांगतो. या सहा नियमांतला सर्वांत घातक नियम हाच, म्हणून यावर एवढं लिहितोय.

वर निरोपात दडपून दिलंय की ‘आफ्रिकेतल्या संशोधनानंही हे सिद्ध झालंय’. नाव दिलेलं नाही, पण रोख डॉ. एड अ‍ॅशबींकडेच असणार. धनुष्यबाणाच्या शिकारीत ‘आफ्रिकेतलं संशोधन’ म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात, म्कुझे अभयारण्यात, त्यांनी खऱ्या जनावरांवर पडलेल्या बाणांच्या नोंदी ठेवल्या : बाण किती आत गेला, हाड लागलं का, काय वाकलं, काय तुटलं. पुढे ऑस्ट्रेलियात रानम्हशींवर तेच काम चालू ठेवलं. त्यातून बाण खोल जाण्यासाठी काय काय लागतं याची १२ घटकांची उतरंड त्यांनी मांडली. त्यात धारेची सफाई हा स्वतंत्र घटक आहे, आणि त्यांचं म्हणणं स्वच्छ आहे : धार दगडावर घासून, पट्ट्यावर ओढून, जमेल तेवढी गुळगुळीत करा. म्हणजे ज्याचा दाखला दिला, तोच माणूस यांच्या विरुद्ध साक्ष देतोय. आता उतरंडीत ही सफाई सातवी येते, पहिला मान ‘काहीही तुटता-वाकता कामा नये’ याला आहे, हे खरं. पण ती यादी बाण किती खोल जातो याची आहे, रक्त किती वाहतं याची नव्हे.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो. जुन्या काळचे नावाजलेले धनुर्धर कानशीवरच काम भागवत, आणि त्यांनी मोठमोठी जनावरं पाडली. ते खोटं नाही. पण त्यांची पाती तुलनेनं मऊ पोलादाची होती, कानस त्यांना नीट धरायची, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीच्या हातानं निघालेली कानशीची धारही कडक असते. तुम्ही आज कडक पोलादाचं पातं घेऊन त्यावर कानस फिरवाल तर ती नुसती घसरेल, वर चरे पडतील, आणि त्या चऱ्यांनाच तुम्ही ‘दातेरी धार’ म्हणून कुरवाळत बसाल.

भाच्याला सांगितलं ते असं. आधी पात्याच्या उतारावर मार्करनं शाई लाव. कानशीचे किंवा जाड दगडाचे दोन हात मार आणि बघ, शाई कुठली गेली. फक्त वरची गेली तर कोन फार झोपलेला, फक्त कडेची गेली तर फार उभा. पूर्ण उताराची शाई एकसारखी निघायला लागली की कोन जमला. मग एकाच बाजूला, टोकापासून बुडापर्यंत, पलीकडच्या अंगाला बारीक कंगोरा उठेपर्यंत घासायचं. तो दिसत नाही, पण अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेच्या दिशेला हलकेच आणला की नखाला अडकतो. पूर्ण लांबीला अडकायला हवा. मधेच दोन सेंटिमीटर गुळगुळीत लागलं तर तिथे धार अजून पोचलेलीच नाही. मग पातं उलटायचं, तसंच करायचं, आणि त्यानंतर दाब कमी करत आलटून पालटून हात, बारीक दगडावर. शेवटी चामड्याचा पट्टा, पण धार मागे राहील अशा दिशेनं ओढायचं, नाहीतर पट्टाच कापला जाईल. झालं की दिव्याखाली धार डोळ्यांसमोर धर. बोथट जागा उजेडात पांढऱ्या रेषेसारखी चमकते. खरी धार दिसतच नाही.

याच्याशी जोडलेला नियम चौथा : ‘हातावरचे केस निघाले की धार झाली.’ अर्धवट. तो जो कंगोरा सांगितला, तो काढला नाही तर तारेसारखा कडेला चिकटून राहतो, आणि ती तारसुद्धा केस मस्त काढते. बरगडीला टेकली की मुडपते आणि पुढचा प्रवास बोथटच. त्यापेक्षा एक रबरबँड दोन खिळ्यांमध्ये हलका ताणून बसवा आणि पातं त्यावरून हलकेच सरकवा. बँड नुसता वाकला तर परत दगडाकडे. टेकताक्षणी तुटला तर ठीक. रक्तवाहिनीचा लवचीकपणा त्यात निदान थोडा तरी आहे, केसात तो कुठला?

तिसऱ्या नियमावर शाई वाया घालवत नाही. ‘पाकिटातून काढा आणि वापरा, कारखान्याची धार सर्वोत्तम.’ काही पाती खरोखर तयार येतात. बरीच येत नाहीत. धारेवर रंगाचा थर असतो, कंगोरा तसाच राहिलेला असतो. रबरबँड लावून बघा, स्वतःच कळेल. आणि सरावाला जे पातं फोमच्या लक्ष्यात किंवा मातीत घुसलं, तेच तसंच भात्यात ठेवून रानात नेऊ नका. भात्याच्या फोममध्ये रोज खुपसून काढल्यानंसुद्धा धार मरते. कार्बन पोलाद असेल तर दवानं रात्रीत तांबेरतं, थोडं व्हॅसलीन फासून ठेवा.

दुसरा नियम : ‘पाती जितकी जास्त, तितकं उत्तम.’ इथे साधा हिशोब करू. ब्रॉडहेड ही एक पाचर आहे. पात्याची लांबी घ्या, तिला निम्म्या रुंदीच्या आणि धारांच्या संख्येच्या गुणाकारानं भागा. ३ इंच लांब, १ इंच रुंद, दोन धारांचं पातं : ३ भागिले १, म्हणजे ३. त्याच मापात तीन धारा केल्या तर २. चार केल्या तर दीड. म्हणजे तेवढ्याच जोरात आत शिरायला चार धारांच्या पात्याला दुप्पट कष्ट. ७० पाउंडांचं कंपाउंड, म्हणजे कप्प्यांचं धनुष्य, असेल तर ऊर्जा उधळायला परवडते. ५० पाउंडांच्या रिकर्व्हनं एल्कच्या बरगड्यांतून जायचं असेल तर लांबट, अरुंद, दोन धारांचं, जाड आणि न वाकणारं पातं. अर्थात नियमात बसेल एवढंच अरुंद : कोलोरॅडोत किमान ७/८ इंच रुंदी आणि किमान दोन पोलादी धारा लागतात. तीन धारांच्या पात्याच्या बाजूनं एवढंच म्हणेन की त्याची जखम चटकन मिटत नाही, आणि त्याच्या दोन धारा एकदम दगडावर सपाट ठेवून घासता येतात, कोन धरायची कटकट नाही. छोट्या हरणासाठी ते छान चालतं.

पाचवा नियम म्हणतो, ‘आघात होताच उघडणारी मेकॅनिकल पाती कुठल्याही धनुष्यावर चालतात.’ नाही चालत. ती उघडायलाच ऊर्जा खर्च होते, आणि साध्या धनुष्याकडे ती आधीच तुटपुंजी. इथे वाद घालण्यासारखं काही नाही.

निरोपाच्या तळाशी एक भावनिक शेपूट आहे : ‘आदिवासी दगडाच्या टोकांनी शिकार करत, त्यांना कुठे धार होती?’ हे वाचून हसावं की रडावं कळेना. १९११मध्ये कॅलिफोर्नियात लोकांसमोर आलेला, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा इशी काचेपासून आणि ऑब्सिडियन या ज्वालामुखीच्या काचेसारख्या दगडापासून बाणाची टोकं घडवायचा, आणि ती आजही संग्रहालयात आहेत. ऑब्सिडियनचा ताजा टवका उडवला की त्याची कडा पोलादापेक्षा पातळ असू शकते. दगड म्हणजे बोथट हे कुणी सांगितलं? त्या लोकांनी धारेसाठीच तर तो दगड शोधला.

राहिला सहावा : ‘एकाच बाजूनं उतार असलेली सिंगल बेव्हल पाती म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी.’ इथे मी अर्धा त्यांच्या बाजूला आहे. किंमत आणि गाजावाजा दोन्ही जास्त आहेत, आणि लहान हरणाच्या बरगड्यांमधून जाताना फरक जाणवेलच असं नाही. पण तत्त्व खोटं नाही. एकाच बाजूचा उतार आत शिरताना पात्याला पिळतो, आणि हाड लागलं तर तो पीळ ते चिरायला मदत करतो. अट एकच : पिसांनी बाण ज्या दिशेला फिरतो, त्याच दिशेला पात्यानंही फिरायला हवं. उजव्या पिसांना उजवा बेव्हल, डाव्यांना डावा. उलटं लावलं तर पातं आधी बाणाची फिरकी थांबवणार, मग उलटी फिरवणार, आणि तो खर्च तुमच्या ३२ फूट-पाउंडांतूनच वजा होणार. निरोपात याचा उल्लेखसुद्धा नाही. भाच्याला बाण हातात घेऊन बघायला लावलं. पिसं डावी निघाली, मागवलेली पाती उजवी. ती आता परत जातायत, आणि दगडाची ऑर्डर गेलीये.